पाषाणाचे दप्तर

प्राचीन काळच्या मनुष्याने डोंगर कोरून जी थडगी, लेणी आणि शिल्पे निर्माण केली त्यांच्याकडे पाहण्याची आपली दृष्टी बहुधा दोन भावनांनी व्यापलेली असते. एवढा प्रचंड खडक केवळ हातोडा आणि छिन्नी यांच्या बळावर कोणी व कसा फोडला असेल हा विस्मय, आणि ज्यांच्यासाठी तो फोडला ते राजे, सरदार व श्रेष्ठी धुळीस मिळाले हा विषाद. या दोन्ही भावना स्वाभाविक खऱ्या. परंतु त्या पाहणाऱ्याच्या आहेत. कोरविणाऱ्याच्या मनात काय होते हे जाणून घ्यावयाचे, तर त्याने शिल्पाशेजारी जो मजकूर खोदवून ठेवला तो वाचला पाहिजे. आणि तो वाचू लागले की परलोकाची ओढ, जीविताची क्षणभंगुरता, मृत्यूचे गूढ असे जे जे आपण तेथे गृहीत धरून गेलेलो असतो त्यातले फारच थोडे हाती लागते, आणि मालकी, वारसा, विक्री, गहाण, दंड व नक्कल यांची रोखठोक भाषा मात्र कानी पडू लागते. पुष्कळांना ही भाषा अशा भव्य वास्तूंना शोभणारी वाटत नाही. माझे मत याच्या नेमके उलट आहे. मरणानंतरही आपला शब्द जिवंत माणसांवर बंधनकारक राहावा, ही जी मनुष्याची फार जुनी आकांक्षा आहे, तिच्या पूर्तीसाठीच पाषाण कोरला गेला, आणि ज्या समाजाला असा शब्द देण्याची व पाळविण्याची व्यवस्था उभी करता आली, त्या समाजाच्या संस्कृतीचे खरे माप त्या व्यवस्थेतच शोधले पाहिजे, असे प्रतिपादन करण्याचा या लेखाचा हेतू आहे.

त्यासाठी अरबस्तानातील हिज्र या स्थळाइतके बोलके उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल. आजच्या सौदी अरेबियाच्या वायव्य भागात, अल-उला या मरूद्यानाच्या उत्तरेस, वाऱ्याने झिजून सुट्या झालेल्या वालुकाश्माच्या टेकड्यांचे एक विस्तीर्ण मैदान आहे. पेट्रा ही ज्यांची राजधानी त्या नबाती लोकांचे हे दक्षिणेकडील मोठे ठाणे होते. पेट्राहून ते सुमारे ५०० किलोमीटर दूर. दक्षिण अरबस्तानातून ऊद आणि बोळ यांची ओझी घेऊन भूमध्य समुद्राकडे निघालेले उंटांचे तांडे येथे पाणी पीत, जकात भरीत आणि पुढे जात. येथे एकंदर १११ भव्य थडगी खडकात कोरलेली असून त्यांपैकी ९४ थडग्यांचे दर्शनी भाग अलंकृत आहेत. युनेस्कोने २००८ साली जागतिक वारशाच्या यादीत दाखल केलेले सौदी अरेबियातील हे पहिलेच स्थळ होय. या दर्शनी भागांवर मेसोपोटेमियाच्या पायऱ्यापायऱ्यांची नक्षी आहे, ईजिप्तची अंतर्वक्र कपोती आहे, ग्रीकांचे त्रिकोणी शीर्ष आणि अर्धस्तंभ आहेत, दारावर पंख पसरलेला गरुड आहे. व्यापारी लोकांनी ज्या ज्या देशांशी व्यवहार केला त्या त्या देशांचे काही ना काही त्यांच्या कलेत उतरले, एवढे सांगून या मिश्रणाची चर्चा आवरती घेणे बरे. लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही, की पाथरवटांनी हे काम कड्याच्या माथ्यापासून सुरू करून खाली आणले. कस्र अल-फरीद या एकाकी उभ्या असलेल्या थडग्याचा वरचा भाग तासून गुळगुळीत केलेला आणि पायथा मात्र ओबडधोबड राहिलेला आजही दिसतो, त्यावरून ही पद्धत उघड होते. ते थडगे अपुरे राहिले. तथापि लिह्यान बिन कूझा या मालकाचे नाव मात्र त्यावर कोरून झालेले आहे. काम पुरे होण्याची वाट न पाहता हक्क नोंदविला गेला, ही बाब मला फार सूचक वाटते.

हे नबाती लोक मूळचे कोण होते, हे पाहिले म्हणजे या नोंदीचे महत्त्व अधिकच जाणवते. इ. स. पूर्व ३१२ मध्ये ग्रीक सैन्याने त्यांच्यावर स्वारी केली, त्या प्रसंगाच्या वर्णनात इतिहासकार डायोडोरस सांगतो, की धान्य पेरणे, फळझाडे लावणे, मद्य पिणे आणि घर बांधणे या चारही गोष्टी त्यांच्यात निषिद्ध असून हा निर्बंध मोडणाऱ्यास देहान्ताची शिक्षा होती; आणि याचे कारण ते असे देत, की ज्याच्यापाशी घर व शेत आहे त्याला त्या घराच्या व शेताच्या लोभाने बलिष्ठ लोक आपल्या इच्छेपुढे सहज वाकवू शकतात. स्थावर मिळकत म्हणजे पारतंत्र्याचा दोर, असे मानणारा हा समाज. त्याच समाजाने पुढे सुमारे तीन शतकांत, जी उचलून नेता येत नाही, लपविता येत नाही, सोडून पळून जाता येत नाही अशी मिळकत, म्हणजे साक्षात डोंगरातले घर, निर्माण केले आणि त्यावर आपली मालकी अक्षरांनी खोदली. हे स्थित्यंतर केवळ राहणीमानाचे म्हणता येणार नाही. बलिष्ठाच्या भयाने मिळकतच नाकारणारा मनुष्य आणि बलिष्ठालाही बांधून टाकणारा कायदा करून ती मिळकत निर्धास्तपणे भोगू पाहणारा मनुष्य, या दोहोंमध्ये जे अंतर आहे ते एका संपूर्ण राज्यसंस्थेचे अंतर आहे.

शतकानुशतके हा मजकूर कोणी वाचला नाही. लिपी विस्मृतीत गेली, आणि ही थडगी म्हणजे ईश्वराच्या कोपाने नष्ट झालेल्या समूद लोकांची राहती घरे होत, अशी समजूत त्या प्रदेशात रूढ झाली. समूद आणि त्यांना बोध करणारे पैगंबर सालिह यांची कथा कुराणात आली आहे, आणि मदाइन सालिह हे या स्थळाचे दुसरे नाव त्या पैगंबरांवरूनच पडले. श्रद्धेच्या दृष्टीने त्या कथेचे स्थान अबाधित आहे. इतिहासाच्या दृष्टीने मात्र या घरांचे खरे स्वरूप उघड होण्यास इ. स. १८७६ उजाडावे लागले. दमास्कसहून मक्केकडे जाणाऱ्या यात्रेकरूंच्या काफिल्याबरोबर चार्ल्स डाउटी हा इंग्रज प्रवासी येथवर आला, काफिला पुढे गेल्यावर मागे राहिला, आणि ओला कागद खडकावर दाबून त्याने लेखांचे ठसे घेतले. ते ठसे पॅरिसला पोहोचले, आणि अर्नेस्ट रेनाँ यांच्या देखरेखीखाली इ. स. १८८४ मध्ये प्रसिद्ध झाले. विसाव्या शतकाच्या प्रारंभी जॉसाँ आणि साविन्याक या डोमिनिकन धर्मगुरूंनी स्थळाची पद्धतशीर पाहणी केली. मुके समजले गेलेले खडक अशा रीतीने बोलू लागले.

ते काय बोलले, याचा एक नमुना तपशिलाने पाहू. कमकम नावाची एक स्त्री आणि तिची मुलगी कुलैबत या दोघींनी एक थडगे कोरविले. लेखाचा काल नबाती राजा चौथा हारिथ याच्या कारकीर्दीचे नववे वर्ष, म्हणजे इ. स. पूर्व १ च्या सुमाराचा आहे. कमकम आपली ओळख आईच्या नावाने करून देते. थडगे आपल्यासाठी, मुलीसाठी आणि पुढील संततीसाठी आहे, असे प्रथम नमूद केले आहे. नंतर निषेधांची मालिका येते. जो कोणी हे थडगे विकील, विकत घेईल, गहाण टाकील, बक्षीस देईल, येथून प्रेत किंवा प्रेताचा अवयव हलवील, अथवा हक्कदारांखेरीज दुसऱ्या कोणास येथे पुरील, त्याला दुशरा, अल्लात आणि मनात या देवतांचा शाप असो. शापामागोमाग दंड आहे, आणि तो मोघम नाही: देवतांस ठरावीक भरणा, आणि पुरोहितास एक हजार सेला, तेही हारिथ राजाच्या शिक्क्याची नाणी. सर्वांत मार्मिक भाग यापुढचा आहे. ज्याच्या हाती कमकमने किंवा कुलैबतने स्वतः लिहून दिलेले खत असेल त्याला मात्र हा निषेध लागू नाही, आणि ते खत ग्राह्य धरले जाईल, असा अपवाद तेथे केलेला आहे. अखेरीस ज्या कारागिराने काम केले त्याचे नाव येते. पक्षकार, मिळकतीचा विनियोग, निर्बंध, उल्लंघनाचे परिणाम, अपवाद, मिती आणि करणाऱ्याची सही, यांपैकी कोणते कलम येथे गाळले आहे? आपल्या तालुक्याच्या दुय्यम निबंधकाच्या कचेरीत आजही याच धाटणीने दस्तऐवज लिहिला जातो.

असे लेख तीसहून अधिक थडग्यांवर आहेत. हिनत ही वहबूची कन्या. मलिकू राजाच्या एकविसाव्या वर्षी, म्हणजे इ. स. ६० च्या सुमारास, तिने स्वतःसाठी, मुलांसाठी आणि वंशजांसाठी थडगे केले, आणि त्याची विक्री, गहाण किंवा भाडेपट्टा करण्याचा अधिकार कोणासही नाही असे बजावून, जो तसे करील त्याचा वाटा त्याच्या कायदेशीर वारसाकडे जाईल अशी तजवीज केली. तिच्या पतीचा त्या लेखात उल्लेखही नाही. याच थडग्यात अलीकडच्या उत्खननात मिळालेल्या अवशेषांच्या आधारे एका स्त्रीचा चेहरा शास्त्रज्ञांनी घडविला आणि २०२३ साली तो लोकांपुढे मांडला. परंतु मला विचाराल तर हिनतचे खरे दर्शन त्या चेहऱ्यापेक्षा तिच्या शब्दांत घडते. कहलान नावाच्या वैद्याचे थडगे येथे आहे, सेनाधिकाऱ्यांची आहेत, आणि एका लेखात तर या मजकुराची नक्कल कैशा या देवतेच्या मंदिरात ठेवली आहे असे स्पष्ट म्हटले आहे. पेट्रा येथील तुर्कमानिया नावाच्या थडग्यावरील दीर्घ लेखात मोठी दालने, आतील दालने, अंगण, बाग, पाण्याच्या टाक्या अशी मिळकतीची साद्यंत यादी असून ती सर्व दुशरा देवतेच्या नावे अलंघ्य ठरविली आहे, आणि त्यासंबंधी लिहून ठेवलेल्या पत्रांचा हवाला दिला आहे. मालकाचे नाव मात्र त्यात कोठेच नाही. कारण ते दप्तरात होते.

हे दप्तर कल्पनेतले नव्हते, याचा पुरावा दुसरीकडे मिळालेला आहे. मृत समुद्राच्या पश्चिमेकडील एका गुहेत १९६१ साली बाबथा नावाच्या यहुदी स्त्रीचे कागदपत्र चामड्याच्या पिशवीत जसेच्या तसे सापडले. तिचे कुटुंब नबाती राज्यात राहत होते. इ. स. ९४ पासून १३२ पर्यंतच्या या पत्रांत खजुरीच्या बागांची खरेदीखते आहेत, विवाहाचे करार आहेत, अज्ञान मुलाच्या पालकत्वाचे तंटे आहेत, आणि ती नबाती, अरामी व ग्रीक भाषांत लिहिलेली आहेत. तेव्हा हिज्रच्या खडकावर जे कोरले आहे ते एका विस्तृत आणि रुळलेल्या कागदोपत्री व्यवहाराचे केवळ दृश्य टोक होते, असे अनुमान काढण्यास हरकत नाही.

आता प्रश्न असा उद्भवतो, की मंदिरात नक्कल सुरक्षित असताना खडक कोरण्याचा खटाटोप कशासाठी? याचे उत्तर कराराच्या स्वभावातच आहे. दोन जिवंत माणसांमधील करार त्या दोघांच्या हयातीत एकमेकांच्या नजरेच्या धाकाने पाळला जातो. परंतु ज्या करारातील एक पक्ष मृत झाला आहे, आणि दुसरा पक्ष अजून जन्मास यावयाचा आहे, त्याचे रक्षण कोणी करावे? हिज्रच्या लोकांनी त्यासाठी तीन जामीन घेतले. पहिला वंश, ज्याला तेथे विसावण्याचा हक्क होता आणि म्हणून त्या हक्काची राखण करण्यात ज्याचे हित होते. दुसरा देव, जो मरत नाही. तिसरा राजा, ज्याचे नाव मितीबरोबर येते आणि कित्येक लेखांत ज्याच्या खजिन्यात देवाच्या दंडाइतकाच दंड भरावयाचा असतो. पूर्वजांनी ज्या बलिष्ठाच्या भयाने घरे नाकारली, त्या बलिष्ठालाच या व्यवस्थेने नियमाच्या रक्षणात हितसंबंधी करून घेतले. आणि या तिघांना एकत्र आणून सर्व येणाऱ्याजाणाऱ्यांच्या समक्ष उभे करण्याचे काम पाषाणाने केले. दप्तर बंद असते, ते अधिकारीच उघडतो. खडक मात्र ज्याला डोळे आहेत त्या प्रत्येकासाठी उघडा असतो. भव्य दर्शनी भाग हा या प्रकटीकरणाचाच भाग होय. दुरून पाहणाऱ्यास त्याने जवळ बोलवावे, आणि दारावरच्या चौकटीतील मजकूर वाचावयास लावावा.

भूगोलवेत्ता स्ट्राबो याने नबाती लोकांविषयी दोन गोष्टी लिहून ठेवल्या आहेत, त्या येथे ताडून पाहण्यासारख्या आहेत. हे लोक मृत देहाला शेणाइतकेच हलके लेखतात आणि राजांनाही उकिरड्याशेजारी पुरतात, ही त्यातली एक. हिज्रच्या आणि पेट्राच्या डोंगरांनी ती पूर्णपणे खोटी पाडली आहे. दुसरी गोष्ट त्याने आपला मित्र अथेनोडोरस याच्या हवाल्याने सांगितली. हा तत्त्वज्ञ पेट्रात राहून आला होता, आणि तेथे परदेशी लोक एकमेकांवर व स्थानिकांवर वारंवार फिर्यादी करतात, स्थानिक मात्र आपसांत कधी न्यायालयाची पायरी चढत नाहीत, याचे त्याला मोठे नवल वाटले. हिज्रचे लेख वाचलेल्या मनुष्याला त्या नवलाचा उलगडा करणे अवघड जाऊ नये. जेथे हक्क इतक्या स्पष्टपणे, इतक्या जाहीरपणे आणि इतक्या तपशिलाने लिहून ठेवण्याची सवय समाजाला लागलेली असते, तेथे तंट्याला जागाच थोडी उरते.

मराठी वाचकाला हे सारे परके वाटण्याचे कारण नाही, आणि ते केवळ साम्यामुळे नव्हे. इ. स. च्या पहिल्या शतकात ‘पेरिप्लस’ नावाचा जो ग्रीक सागरप्रवासग्रंथ एका अनामिक व्यापाऱ्याने लिहिला, त्यात तांबड्या समुद्रावरील ल्यूके कोमे या बंदराहून पेट्रास, मलिखस या नबाती राजाकडे जाणाऱ्या मार्गाचे वर्णन आहे. हा राजा बहुधा हिनतच्या लेखातला मलिकूच. आणि त्याच ग्रंथात पुढे सोपारा व कल्याण ही बंदरे येतात, पैठण आणि तेर या बाजारपेठा येतात, आणि ज्याला बहुतेक विद्वान क्षत्रप नहपान समजतात तो राजाही येतो. एका व्यापारी जगाची ही दोन टोके होती. नहपानाचा जावई उषवदात याने नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावरील लेण्यात जो लेख कोरविला, तो हिज्रच्या लेखाशेजारी ठेवून वाचावा. भिक्षूंच्या वस्त्रादी खर्चासाठी ३००० कार्षापणांचा अक्षय निधी त्याने विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवला, २००० दरमहा शेकडा एक व्याजाने आणि १००० दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत द्यावयाचे नाही, व्याजच तेवढे भोगावयाचे, असे ठरविले. आणि हे सर्व निगमसभेत ऐकवून रिवाजाप्रमाणे दप्तरात नोंदविले, असेही सांगून ठेवले. कैशाच्या मंदिरातील नक्कल आणि नाशिकजवळच्या गोवर्धन नगराच्या निगमसभेतील नोंद, यांच्यामागची बुद्धी एकच आहे.

त्याच डोंगरावर गौतमीपुत्र सातकर्णीची आज्ञा आहे. उषवदाताच्या ताब्यातले २०० निवर्तने शेत भिक्षूंना दिले, तेथे राजपुरुषांनी शिरू नये, मिठासाठी खोदू नये, अशा सवलती तीत आहेत. आणि सहा वर्षांनंतरच्या दुसऱ्या आज्ञेत, पूर्वी दिलेले शेत कसले जात नाही व गावही वसलेले नाही, सबब त्याऐवजी नगराच्या सीमेवरील राजकीय शेतापैकी १०० निवर्तने द्यावी, अशी दुरुस्ती आहे. आपली पूर्वीची देणगी निष्फळ ठरली, हे एक चक्रवर्ती राजा आणि त्याची माता बलश्री पाषाणावर कबूल करतात, यापरता राजधर्माचा उंच आदर्श मला तरी ठाऊक नाही. पुढे शिलाहारांच्या काळी कोकणात गावोगाव उभ्या राहिलेल्या गद्धेगाळांवरही वर चंद्रसूर्य, मध्ये दानाचा मजकूर आणि खाली दान मोडणाऱ्याला दिलेली घोर शिवी अशीच रचना आढळते. हिज्रमध्ये मनुष्य आपले राखून ठेवण्यासाठी कोरतो, नाशिकमध्ये आपले देऊन टाकण्यासाठी कोरतो. हा भेद मोठा आहे, आणि त्यात दोन धर्मदृष्टींचे अंतर सामावलेले आहे. तथापि राखणारा आणि देणारा हे दोघेही भविष्याकडून एकच गोष्ट मागतात: माझ्यामागे माझ्या शब्दाला धक्का लावू नका.

या विवेचनावर दोन आक्षेप येतील. पहिला हा, की शाप व्यर्थ गेले. थडगी फोडली गेली, देह विस्कटले, मौल्यवान वस्तू लुटल्या गेल्या, इ. स. १०६ मध्ये रोमचा सम्राट ट्रेजन याने नबाती राज्य खालसा केले, आणि दंड वसूल करणारा राजाही उरला नाही. हे खरे आहे. परंतु नियमाची थोरवी तो कधीच मोडला गेला नाही यावर अवलंबून नसते. मोडणारा चोर ठरतो, एवढे नियमाने साधले तरी त्याचे काम झाले. कमकमच्या थडग्यात शिरलेल्याचे नाव कोणास माहीत नाही, आणि कमकमचा हक्क दोन हजार वर्षांनंतरही वाचता येतो. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. डोंगर कोरविण्याची ऐपत धनिकांचीच होती. सामान्यांच्या वाट्याला त्याच मैदानात खणलेले साधे खड्डे आले, आणि अशा शेकडो कबरींवर एक अक्षरही नाही. या विषमतेचे समर्थन मी करणार नाही. परंतु हक्काची भाषा प्रथम थोड्यांच्या तोंडी येते आणि मग ती अनेकांना शिकता येते, हाच तिचा इतिहास आहे. ज्या व्यवस्थेत विधवा किंवा कन्या राजाच्या नावाने मिती घालून आपली मिळकत जाहीर करू शकते, त्या व्यवस्थेने पुढच्या पिढ्यांना शिकविण्यासारखे काही निश्चित निर्माण केले होते. उलट रत्नागिरीच्या सड्यांवर, कशेळीला किंवा बारसूला, जांभ्या दगडावर जी विलक्षण कातळशिल्पे पसरली आहेत, त्यांच्यासोबत लेख नाही. त्या हातांचे सामर्थ्य आपल्याला दिसते, पण त्यांचे म्हणणे ऐकू येत नाही. अक्षराने काय मिळविले, ते या तुलनेने कळते.

म्हणून प्राचीन शैलकर्मांचे जतन म्हणजे केवळ खांब, कमानी आणि मूर्ती यांची डागडुजी, ही समजूत अपुरी आहे. आपल्या सह्याद्रीतील लेण्यांत रोज शेकडो लोक जातात, शिल्पांशेजारी उभे राहून छायाचित्रे घेतात, आणि भिंतीवरील ब्राह्मी अक्षरांकडे नक्षी समजून पाठ फिरवितात. कित्येक तर त्याच अक्षरांवर आपली नावे खरडतात. ज्या भिंतीवर आपल्याच प्रांतातल्या विणकरांच्या श्रेणीने कोणता निधी किती व्याजाने स्वीकारला हे लिहिले आहे, तिच्यापुढे महाराष्ट्रातला विद्यार्थी निरक्षर म्हणून उभा राहावा, ही स्थिती कोणत्याही अभिमानाच्या घोषणेने झाकली जाणार नाही. प्रत्येक लेण्यापाशी तेथील लेखाचा पूर्ण मजकूर आणि त्याचा सुबोध मराठी अर्थ लावलेला असला पाहिजे, ब्राह्मी लिपीची ओळख शाळेच्या अभ्यासक्रमात आली पाहिजे, आणि लेख झिजण्यापूर्वी त्यांचे ठसे व छायाचित्रे काढून ती सर्वांना खुली केली पाहिजेत. मृतांनी आपल्याशी करार केला, तो त्यांच्या बाजूने त्यांनी लिहून पुरा केला आहे. तो वाचणे ही आपली बाजू. आणि पूर्वजांच्या शब्दाची बूज राखणाऱ्या समाजालाच आपला शब्द पुढच्या पिढीने पाळावा असे म्हणण्याचा अधिकार राहतो.